शाळेचें संगीत-मासिक

शाळेंत हस्तलिखित मासिक काढण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. वळणदार अक्षराचे दोन विद्यार्थी हुडकावे, चित्रकलेच्या शिक्षकांकडून मुखपृष्ठावर वीणाधारी सरस्वती काढवून घ्यावी, आंत पावसाळ्यावर एक निबंध, दोन कविता, चार विनोद आणि शेवटच्या पानावर शब्दकोडें घालावें, असा त्याचा ठराविक थाट असे. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं तें मेजावर मांडलें जाई. पाहुणे दोन पानें उलटून मान डोलवीत. आणि त्यानंतर तें कपाटांत जाई तें कायमचेंच. अलीकडे याच कामास 'प्रकल्प' असें भारदस्त नांव मिळालें आहे. दौत-टाकाची जागा संगणकानें घेतली, अक्षर सर्वांचेंच सारखें सुबक झालें, चित्रें हवीं तितकीं मिळूं लागलीं. मजकुराची रड मात्र होती तेथेंच आहे. किंबहुना थोडी वाढली आहे, कारण पूर्वीं दुसऱ्याचा लेख उतरवून काढावयास निदान तो एकदां वाचावा तरी लागे.

अशा स्थितींत एखाद्या शाळेनें आपल्या विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, या वर्षीं संगीतविषयक मासिकाचा एक अंक तयार करा, त्याची आखणी, मजकूर, मांडणी सारें तुम्हीच करा, तर त्या मुलांनीं आरंभ कोठून करावा? आणि ही शाळा मुंबई-पुण्याची नसून परभणी जिल्ह्यांतील सेलूची आहे असें धरलें, तर हा प्रश्न अधिकच विचार करण्यासारखा होतो. सेलू हें तालुक्याचें ठिकाण, मनमाडहून परभणी-नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्टेशन, कापसाची पेठ, आणि नूतन विद्यालय शिक्षण संस्थेमुळें शिक्षणाचेंहि एक केंद्र. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. साधी सभा भरवावयाची तरी सरकारी परवानगी लागे, आणि मराठी पत्र चालविणें म्हणजे निखाऱ्यांवरून चालणें होतें. १९३८ सालीं आनंद कृष्ण वाघमारे यांनीं 'मराठवाडा' पत्र काढलें, त्यावर बंदी आली, आणि मग निरनिराळ्या नांवांनीं तेंच पत्र पुढें चालवावें लागलें. ज्या प्रदेशांत छापील अक्षर इतकें महाग होतें तेथें हातानें लिहिलेल्या अक्षराची किंमत वेगळी सांगावयास नको.

"पण सेलूस कोठलें आलें संगीत!" असा आक्षेप लागलाच येईल. घराणीं ग्वाल्हेर-आग्र्याचीं, मैफली मुंबई-पुण्याच्या; सेलूच्या मुलांनीं लिहावें तें काय? या आक्षेपास आठशें वर्षांपूर्वींच उत्तर मिळून चुकलें आहे. उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन्ही संगीतपद्धति ज्या एका ग्रंथास मान देतात, तो 'संगीतरत्नाकर' मराठवाड्याच्या भूमींत लिहिला गेला. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं होता. काळ तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. आजा काश्मीरहून दक्षिणेंत आला आणि नातू यादवांच्या दरबारीं हिशेबखात्याचा प्रमुख झाला. हिशेबनिसानें संगीतावर प्रमाणग्रंथ लिहावा हें ज्यांना विचित्र वाटेल त्यांनीं त्या ग्रंथाची रचना तरी पाहावी. स्वर, राग, प्रकीर्ण, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे सात अध्याय. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जशी चोख असावी तशी प्रत्येक विषयाची मांडणी. मासिकाच्या अनुक्रमणिकेचा नमुना मुलांना हवाच असेल तर तो येथें तयार आहे. इतकेंच नव्हे, तर प्रकीर्णाध्यायांत गायकाचे गुण कोणते आणि दोष कोणते याचीहि यादी दिली आहे. म्हणजे ज्यास आज टीकेचें सदर म्हणतात तेंहि त्यांत आलें.

शार्ङ्गदेवाचा काळ फार दूरचा वाटत असेल तर जवळचें उदाहरण घ्यावें. मराठी माणसांनीं चालविलेल्या संगीत-मासिकांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि आश्चर्य असें कीं, त्यांतील तीन महत्त्वाचीं मासिकें एकाच गुरुपरंपरेंतून निघालीं आहेत. ग्वाल्हेरास वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं शिकून ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) हे या परंपरेंतील पहिले. त्यांनीं मुंबईच्या मुक्कामांत गायनसमाज काढला आणि 'संगीत दर्पण' नांवाचें मासिक कांहीं काळ चालविलें. तें फार दिवस टिकलें नाहीं. पण ज्या काळीं गवई आपली चीज दुसऱ्याच्या कानीं पडूं नये म्हणून जपत, त्या काळीं एका थोर गवयानें मासिक काढण्याचें मनांत आणावें ही गोष्ट लहान नाहीं.

त्यांचे शिष्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म कुरुंदवाडास, १८७२ सालीं. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झाली, पुस्तकी शिक्षण अवघड झालें, म्हणून मिरजेस गाणें शिकावयास ठेविलें. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. ज्याला बारीक अक्षर वाचणें कठीण, त्यानेंच विद्यालयाबरोबर छापखाना उभारला, क्रमिक पुस्तकें काढलीं आणि 'संगीतामृतप्रवाह' हें मासिक चालविलें. त्यांत विद्यालयाच्या वार्ता येत आणि स्वरलिपींत लिहिलेलीं पदें येत. पुढें मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायीं लिलांवांत गेली, आणि १९३१ सालीं पंडितजी मिरजेस वारले. परंतु त्याच वर्षीं शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें, आणि या मंडळाचें 'संगीत कला विहार' हें मासिक १९४७ पासून निघूं लागलें. त्याचे संपादक प्राध्यापक बाळकृष्ण रघुनाथ देवधर, विष्णु दिगंबरांचे शिष्य. गुरु, शिष्य आणि प्रशिष्य अशा तीन पिढ्यांचीं हीं तीन मासिकें. गाणें गळ्यांतून गळ्यांत जातें असें म्हणतात. येथें तर मासिक काढण्याची हौसहि त्याच वाटेनें गेलेली दिसते.

आतां सेलूच्या मुलांच्या अंकाकडे वळावें. बहुतेक मुलें प्रथम मुखपृष्ठ रंगवावयास बसतील. तें शेवटीं करावें. पहिला निर्णय घ्यावयाचा तो पानाच्या रुंदीचा, आणि संगीत-मासिकापुरता तो निर्णय चित्रकारानें घ्यावयाचा नसून तबलजीनें घ्यावयाचा असतो. हें विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडा खुलासा हवा. गाणें स्वरलिपींत छापावयाचें म्हणजे तालाचें एक आवर्तन शक्य तों एका ओळींत यावयास पाहिजे. नाहीं तर वाचणाराचा हात टाळी देतां देतां अडखळतो. त्रितालाच्या मात्रा सोळा. नेहमींच्या ए-४ मापाच्या कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंस वीस-वीस मिलिमीटर समास सोडला तर उरतात १७०. म्हणजे एका मात्रेच्या वांट्यास साडेदहा मिलिमीटर येतात. एवढ्यांत दोन स्वर आणि त्यांखालीं पदाचीं दोन अक्षरें सुखानें बसतात. तोच कागद दुमडून लहान वहीच्या आकाराचें मासिक केलें, तर रुंदी १४८ मिलिमीटर, आणि समास कमी केला तरी मात्रेस साडेसात मिलिमीटरसुद्धां पुरते मिळत नाहींत. मग अक्षरें एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि सम कोणती, खाली कोणती हें समजेनासें होतें. वर्तमानपत्राप्रमाणें दोन स्तंभ पाडण्याची हौस असेल तर ती लेखांपुरती भागवावी. स्वरलिपीचें पान सलगच असावें.

दुसरा निर्णय लिपीचा. महाराष्ट्रांत दोन स्वरलिपि प्रचारांत आल्या, एक पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची आणि दुसरी पलुसकरांची. या दोन्हींची खिचडी झाली म्हणजे काय अनर्थ होतो तो पाहावा. भातखंडे-लिपींत स्वराच्या डोक्यावर बिंदु दिला कीं तो तारसप्तकांतला. पलुसकर-लिपींत तोच बिंदु मंद्रसप्तक दाखवितो. भातखंड्यांच्या मध्यमावर उभी रेघ आली तर तो तीव्र मध्यम. पलुसकरांकडे स्वरावरची उभी रेघ म्हणजे तारसप्तक. कोमल स्वरास एकीकडे खालीं आडवी रेघ, दुसरीकडे पाय मोडल्यासारखी खूण. समेस भातखंडे गुणाकाराची खूण देतात आणि खालीस शून्य. पलुसकर समेस एकाचा आंकडा देतात आणि खालीस बेरजेची खूण. गुणाकार आणि बेरीज यांच्या खुणा घाईच्या हस्ताक्षरांत किती सारख्या दिसतात हें गणिताच्या कोणत्याहि शिक्षकास विचारावें! एका पुस्तकांतून एक पद आणि दुसऱ्यांतून दुसरें उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून, जें पद खर्जांत म्हणावयाचें तें वाचकाच्या तोंडून टिपेस जावयाचें. म्हणून कोणती लिपि वापरली आहे आणि तिच्या खुणा कोणत्या, याचा एक लहानसा तक्ता अंकाच्या पहिल्या पानाच्या आंतल्या बाजूस असलाच पाहिजे. शाळेपुरती भातखंडे-लिपि सोयीची; ती लवकर शिकतां येते.

संगणकावर हीं चिन्हें बसवितांना मुलांची तारांबळ उडते. अनुस्वार देऊन तारसप्तकाचा बिंदु साधावा तर 'सा' चा 'सां' होतो आणि नवखा वाचक तो तसाच उच्चारतो. यावर उपाय सोपा आहे, जरी तो आजच्या मुलांस कमीपणाचा वाटेल: स्वरलिपीचें पान हातानें, रेघा आंखून, काळ्या शाईनें लिहावें आणि त्याचें छायाचित्र घेऊन तसेंच छापावें. गाण्याच्या क्लासाच्या जुन्या वह्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस असल्या पानाची शोभा सांगावयास नको. आणि लिहितांना ज्यानें सोळा मात्रा स्वतः मोजल्या, त्याच्या हातून पंधरा छापल्या जाण्याचा संभव कमी.

परंतु रुंदी आणि लिपि साधूनहि अंक निर्जीव होऊं शकतो. आंत तानसेनाचें चरित्र, दीप रागानें दिवे पेटल्याची कथा, सप्तस्वरांचें माहात्म्य आणि एखाद्या प्रसिद्ध गायिकेचा फोटो भरला, तर तो अंक सेलूचा असला काय आणि सोलापूरचा असला काय, सारखाच. तानसेनावर लिहावयास सेलूच्या मुलाजवळ नवें असें कांहीं नाहीं. त्याच्याजवळ जें आहे तें दुसऱ्या कोणाजवळ नाहीं, आणि तें म्हणजे त्याच्या गल्लींतलीं, त्याच्या तालुक्यांतल्या खेड्यांतलीं गाणारीं-वाजविणारीं माणसें.

या बाबतींत देवधर मास्तरांचा कित्ता गिरविण्यासारखा आहे. 'संगीत कला विहार' मध्यें त्यांनीं गवयांचीं जीं व्यक्तिचित्रें लिहिलीं, तीं पुढें 'थोर संगीतकार' या नांवानें पुस्तकरूपानें आलीं. तीं ग्रंथालयांत बसून लिहिलेलीं नाहींत. जुन्या गवयांस भेटून, त्यांच्याशीं गप्पा मारून, त्यांचें गाणें ऐकून, त्यांच्या लहरी सोसून तीं लिहिलेलीं आहेत. म्हणूनच त्यांत गवई कोणत्या प्रसंगीं रुसला, कोणत्या गोष्टीनें विरघळला, शागिर्दास काय सांगत असे, हें दिसतें. दुसरें उदाहरण याहून घरगुती आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खांसाहेब यांनीं वृद्धपणीं आपल्या आठवणी सांगितल्या आणि त्यांचे नातू अझीझुद्दीन खां यांनीं त्या उर्दूंत लिहून घेतल्या. खांसाहेब १९४६ सालीं वारले. नातवानें त्या वेळीं कागद पुढें ओढला नसता तर त्या घराण्याचा कितीतरी इतिहास खांसाहेबांबरोबरच गेला असता. आजोबा सांगताहेत आणि नातू लिहितो आहे, याहून सोपा असा वार्ताहराचा धंदा कोणता?

सेलूच्या बाबतींत आजोबांपेक्षां आजी अधिक महत्त्वाची. जात्यावरची ओवी ही मराठी स्त्रीची हजार वर्षांची मिरास आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा कोशवजा ग्रंथ केला. त्यांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात असा स्पष्ट उल्लेख आहे. शार्ङ्गदेवानेंहि आपल्या प्रबंधाध्यायांत ओवीस जागा दिली आहे. राजानें दखल घेतली, शास्त्रकारानें घेतली. पण एकाहि गाणारणीचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. पुढें पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं. ज्या बायांनीं पहांटे उठून खरोखर दळण दळलें आणि ओव्या म्हटल्या, त्या आज थकल्या आहेत. त्यांच्या सुनांनीं जातें पाहिलें तें लग्नांतल्या हळदीपुरतें.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेमार्फत लोकांस ऐकावयास मिळूं लागल्या. त्या संग्रहाचा एक विशेष मुलांनीं आवर्जून ध्यानांत घ्यावा: ओवीबरोबर तेथें गाणारणीचें नांव आहे, तिचें गांव आहे. आपल्याकडील पुष्कळ पुस्तकांतून आणि ध्वनिमुद्रिकांवरून अशा गाण्यांखालीं 'पारंपरिक' एवढा एकच शब्द घालून मोकळें होतात. हा शब्द सभ्य दिसतो, पण पुष्कळदां तो केवळ आळस असतो. परंपरा स्वतः गात नाहीं. कोणा गिरजाबाईच्या अगर कोणा शेवंताबाईच्या तोंडून ती गाते. सेलूच्या अंकांत एकहि गाणें नुसतें 'पारंपरिक' म्हणून छापूं नये, एवढा एक नियम जरी मुलांनीं पाळला, तरी तो अंक अनेक बड्या मासिकांच्या पुढें जाईल.

विचारावयाचे प्रश्न सोपे असावे. "आजी, ही ओवी तुम्ही कोणापाशीं शिकलात?" "माहेरीं म्हणत होतात कीं सासरीं आल्यावर?" "दळतांना म्हणत होतात तेव्हां चाल हीच होती का?" शेवटच्या प्रश्नास महत्त्व आहे. जात्याच्या फेऱ्याबरोबर श्वास घ्यावयाची जागा ठरलेली असते. खाटेवर बसून म्हटलेल्या ओवींत ती जागा हरवते. शक्य असेल तर जातें मांडावें, मूठभर धान्य घालावें आणि मग ओवी म्हणावयास सांगावें. हातास फिरणें मिळालें कीं विसरलेली ओवी पुष्कळदां आपोआप ओठावर येते. आणखी एक गोष्ट नाजूक आहे. ओवींत सासुरवास असतो, नवऱ्याचें वागणें असतें, मेलेल्या लेकराचें दुःख असतें. तें सारें छापण्यासाठीं सांगितलेलें असतेंच असें नाहीं. "हें छापलें तर चालेल का?" हें विचारल्यावांचून तसली ओवी अंकांत घालूं नये, आणि ती नको म्हणाली तर आर्जव करूं नये.

ओवी हें एक झालें. सेलूच्या आसपास याखेरीज पुष्कळ आहे. भजनी मंडळांतील पखवाज्यास विचारावें कीं, डाव्या पुडीस कणीक किती लावतां, ती किती घट्ट मळतां, आणि उन्हाळ्यांत ती सुकली म्हणजे मधेंच काय करतां. तबल्याची शाई कोण भरून देतो, कोणत्या गांवाहून तो येतो, हें लिहावें. बंजारा तांड्यावर होळीच्या दिवसांत लेंगी गातात; तांड्यावरचा वर्गमित्र असेल तर तो लेख त्यानेंच लिहावा, त्याच्या बोलींतले शब्द तसेच ठेवून. भीमजयंतीस गायिल्या जाणाऱ्या गीतांत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचीं गीतें गांवोगांव पोंचलीं. तीं कोणी कोणास शिकविलीं याची हकीगत गोळा करण्यासारखी आहे. उरुसांतील कव्वाली आहे, गोंधळी आहेत, लग्नाच्या वरातींतील बँडवाले आहेत. या बँडवाल्यांची कोणी विचारपूस करीत नाहीं. चित्रपटांतील नवें गाणें आठ दिवसांत सनईच्या अगर क्लॅरिनेटच्या तोंडीं कसें बसवितात, लिपि वापरतात कीं नुसत्या कानावर, हें समजलें तर संगीतशिक्षकांनाहि त्यांतून घेण्यासारखें कांहीं मिळेल.

एखादा वादाचा विषय अंकांत असावा. त्यानें वाचक जागा राहतो. या नभोवाणीच्याच इतिहासांतील एक विषय सुचविण्यासारखा आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर कायमचे ठरलेले, त्यांतून मींड निघत नाहीं, श्रुति सापडत नाहींत, असा आक्षेप होता. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, जें वाद्य कीर्तनांत, नाटकांत आणि घरोघर रुळलें त्यास परकें म्हणावयाचें कोणीं? १९७१ सालीं ही बंदी कांहीं अंशीं उठली. सेलूच्या भजनी मंडळांतील पेटीवाल्यास आणि गाण्याच्या क्लासांतील तंबोऱ्यावर गाणाऱ्या मुलीस हा प्रश्न विचारून दोघांचीं उत्तरें समोरासमोरच्या पानांवर छापावीं. संपादकानें मधें पडूं नये.

गाण्याच्या कार्यक्रमाचा वृत्तांत लिहितांना मात्र मुलांस आवरावें लागेल. "श्रोते मंत्रमुग्ध झाले", "मैफल उत्तरोत्तर रंगत गेली", हीं वाक्यें इतकीं झिजलीं आहेत कीं तीं कोणत्याहि मैफलीस लागूं पडतात, म्हणजेच कोणत्याहि मैफलीविषयीं कांहीं सांगत नाहींत. कोणता राग, कोणता ताल, विलंबित किती वेळ चाललें, साथ कोणाची, पाऊण तासानें कितीजण उठून गेले, इतकें लिहिलें तरी पुरे. राग ओळखतां आला नाहीं तर शेजारच्या जाणत्यास विचारावा. न विचारतां अंदाजानें 'यमन' लिहिण्याची खोड मोठमोठ्या वार्ताहरांनाहि आहे.

चित्रपटगीतांविषयीं कायद्याची एक बाब आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणें कवीच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत त्याच्या रचनेवर हक्क राहतो. तेव्हां आवडतें गीत सबंधच्या सबंध छापून पानें भरण्याची सोय नाहीं. हें एका परीनें बरेंच झालें. गीत न छापतां गीताविषयीं लिहावें लागलें म्हणजे तें नीट ऐकावें लागतें.

आवाज कागदावर येत नाहीं, ही या धंद्यांतील मूळची अडचण. त्यावर हल्लीं क्यूआर कोड नांवाची चौकोनी खूण छापतात. तिच्यावर भ्रमणध्वनी धरला कीं ध्वनिमुद्रण ऐकूं येतें. ही सोय अवश्य घ्यावी. परंतु ज्या ठिकाणीं तें मुद्रण ठेवलेलें असतें ती जागा दोन-चार वर्षांत बंद पडली तर ती खूण म्हणजे नुसता काळा चौकोन. यासाठीं ध्वनिमुद्रणाची एक प्रत शाळेच्या संग्रहांत निराळी ठेवावी, आणि त्या खुणेखेरीजहि लेख पुरा समजेल असाच लिहावा.

बाकी व्यवस्थेच्या गोष्टी थोड्या आहेत. मधें टांके घालून शिवावयाच्या अंकाचीं पानें चारांच्या पटींत यावीं लागतात. पहिल्या प्रयत्नास चोवीस पानें पुष्कळ झालीं, त्यांतील निदान चार स्वरलिपीस द्यावीं. जाहिराती घेऊंच नयेत असें नाहीं, पण त्या स्वरलिपीच्या पानावर नसाव्या. मुखपृष्ठावर सरस्वती हवीच असेल तर असूं द्यावी; मात्र ज्या आजीची ओवी आंत छापली तिच्या हाताचें आणि जात्याच्या खुंट्याचें चित्र एखाद्या मुलीनें काढलें तर तें अधिक शोभेल.

मुद्रितें तपासण्याचें काम दोनदां करावें लागतें. एकदां व्याकरणासाठीं, तें शिक्षक करतील. दुसऱ्यांदा, ज्यांचें गाणें अगर बोलणें छापलें त्यांच्या घरीं जाऊन, तें पान मोठ्यानें वाचून दाखवावें. पुष्कळांस वाचतां येत नसेल, आणि चष्मा असला तरी बारीक अक्षर लागत नसेल. वाचतां वाचतां त्या म्हणतील, "अरे, तसं नाही, 'लेकुरवाळी' नव्हे, 'लेणंवाली' म्हणत होती माझी आई." तो शब्द तेथल्या तेथें पेन्सिलीनें दुरुस्त करावा, आणि अंक निघाल्यावर पहिली प्रत मुख्याध्यापकांच्या मेजावर न ठेवतां त्याच घरीं नेऊन द्यावी, शाळेची प्रत दुसरी.